काका, गाडी कोरडी आहे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी उठल्या उठल्या गाडीकडे गेले, चालकाच्या शेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचललं आणि खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद बाहेर काढला. कोरडा, कुरकुरीत. असा हा सहावा पाऊस. तुम्हाला लगेच फोन केला, तर तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि आईच्या तब्येतीची चौकशी करू लागलात. तोंडावर आभार मानले की तुम्ही ते असेच टाळता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम लिहितेय. जुन्या गाडीत पाणी कुठून येतंय ते कळत नाही म्हणून हैराण झालेली माणसं पुष्कळ असतील. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी येऊ दे.

गाडी बाबांची. वीस वर्षं झाली तिला. इंजिन अजून खणखणीत आहे, पण गेल्या वर्षी पावसात आतून कुबट वास यायला लागला. सकाळी सगळ्या काचा आतून धुक्यासारख्या झालेल्या असायच्या. मग मॅटखाली ओल दिसली, आणि पुढे सीटच्या कडेला पांढरी बुरशी. आईला दम्याचा त्रास. दहा मिनिटं गाडीत बसली की खोकला सुरू. शेवटी तिने गाडीत बसणंच सोडलं. बाबांच्या गाडीत आई बसत नाही, हे मला फार लागलं होतं.

मी तीन ठिकाणी गाडी दाखवली. एकाने बघताक्षणी सांगितलं, पुढची काच गळतेय, आणि काचेभोवती पारदर्शक सिलिकॉनची जाड रेघ ओढून दिली. दुसऱ्याने दाराचं रबरी बीडिंग बदललं. तिसरा म्हणाला, खाली पत्र्याला एक भोक पाडून देतो, आलेलं पाणी आपोआप निघून जाईल. भोक पाडू दिलं नाही, एवढं बरं केलं. दर वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि पुढच्या मोठ्या पावसात पाय पुन्हा ओलसर.

तुमच्याकडे आले तेव्हा वाटलं होतं, तुम्हीही बॉनेट उघडाल आणि एखादी ट्यूब हातात घ्याल. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि मला प्रश्न विचारत बसलात. आयुष्यभर गाड्यांच्या बॉडीचं काम केलेला माणूस अर्धा तास गाडीला हातच लावत नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता कळतंय, निम्मं काम त्या प्रश्नांतच झालं होतं. "पाऊस नसताना, नुसता एसी लावून लांब गेलीस तर ओलं होतं का?" होत नाही म्हटल्यावर तुम्ही समजावलंत: एसीच्या थंड कॉइलवर हवेतला दमटपणा थेंब होऊन जमतो, ते पाणी एका नळीतून गाडीखाली ठिबकतं, ती नळी तुंबली की तेच पाणी पायाशी येतं, पण ते कोरड्या दिवशीही येईल. मग ओल्या फोमवर बोट घासून वास घेतलात. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, असेल तर बोटाला चिकट लागतं, गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट थर धरतो. तसं काही नव्हतं. म्हणजे पावसाचंच पाणी. पुढचे दोन प्रश्न मला कुणीच विचारले नव्हते. "या दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, कधी काढलं होतं का?" आणि "पावसानंतर पहिल्या वळणावर कुठे खळखळ ऐकू येते का?" दोन्हींचं उत्तर हो होतं. दोन वर्षांपूर्वी काच वर-खाली करणारी मशीन बदलली होती. आणि खळखळ तर मला इतकी सवयीची झाली होती की ती मी कुणाला सांगितलीच नव्हती. तुम्ही नुसती मान हलवलीत. तरीही "सापडलं" म्हणाला नाहीत.

आधी गाडी कोरडी करायची, हे तुमचं पहिलं काम. ओल्यात ओल शोधता येत नाही. सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलीत आणि दहा मिनिटं थांबायला लावलंत, कारण सीटखालचे ते पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. त्यांना चालू बॅटरीवर हात लावायचा नाही. मग उंबरठ्याची पट्टी निघाली, कार्पेट उचललं. वरून ते हाताला जवळजवळ कोरडं लागत होतं. खालचा इंचभर जाडीचा फोम मात्र स्पंजासारखा भरलेला. आपण तो दाबत गेलो आणि अर्धी बादली काळपट पाणी निघालं. मी वर्षभर वरून उन्हात वाळवत होते आणि खाली ते पाणी तसंच साठून राहिलं होतं. कार्पेटखाली लाकडाचे ठोकळे लावून टेबलफॅन ठेवला, तरी फोम पुरता वाळायला पाच दिवस लागले. ज्यांच्या गाडीत अशी ओल आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वरच्या कापडावर विश्वास ठेवू नका, खाली हात घाला. कित्येक गाड्यांत सीटखाली आणि कार्पेटखाली वायरिंगचे जोड आणि कंट्रोलचे डबे असतात. पत्रा गंजायला वेळ लागतो, वायरिंग मात्र त्याआधी दगा देतं.

पाच दिवसांनी पाइप घेऊन उभे राहिलात, तो दिवस मी विसरणार नाही. पाइपच्या तोंडाला काही न लावता, हलक्या धारेने, तळापासून वर. एकेका जागी पाच-दहा मिनिटं. मी म्हटलं, सरळ टपावर सोडूया ना. तुम्ही म्हणालात, "टपावर सोडलंस तर पाणी सगळीकडून उतरेल, मग कुठून शिरलं ते कसं सांगशील?" मोठ्या दाबाचा फवाराही तुम्ही हातात घेतला नाहीत, त्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकललं जातं आणि नसलेली गळती दिसते. मी आत, डॅशबोर्डखाली पाठीवर पडलेले, तुमची टॉर्च छातीवर. पत्र्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे थेंब पडला की डाग उमटेल. बाहेरून तुमचा आवाज: "आलं का?" आणि मी: "नाही." उंबरठ्यापाशी नाही. दाराच्या फटीपाशी नाही. मग धार खिडकीच्या काचेवर आली, आणि तीन-चार मिनिटांत दाराकडच्या पट्टीची एक कड गडद झाली. हळूहळू, बोटभर, मग वीतभर.

दाराचं पॅड काढल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही, हे मला तेव्हा कळलं. काच खाली जाते त्या फटीतून थोडं पाणी आत उतरतंच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचनाच असते. पॅडच्या मागे जो प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो ते पाणी दाराच्या पोटातच ठेवतो. आमच्या दारात तो कागद खालच्या बाजूने सुटून आतल्या अंगाला दुमडला होता. मशीन बदलताना सोडवलेला, नंतर धुळीने भरलेल्या जुन्या गोंदावर नुसता दाबून दिलेला. त्याच्यावरून पाणी घरंगळत सरळ उंबरठ्याच्या आत येत होतं. बीडिंग बदलून काय होणार होतं? पाणी बीडिंगच्या अलीकडूनच येत होतं!

तुम्ही जुना गोंद खरवडलात, पत्रा पुसून वाळवलात, ब्यूटाइल रबराची काळी चिकट टेप लावून कागद पुन्हा बसवलात आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात खोचलीत. तळाची भोकं मऊ तारेने मोकळी केली, तर कपभर चिखल पडला. मला वाटलं, झालं, संपलं. हात पुसायला फडकं शोधू लागले. तुम्ही पत्र्यावर वर्तमानपत्राच्या नव्या पट्ट्या चिकटवायला घेतल्यात. "एक सापडलं म्हणून दुसरं नसेल असं नाही. तुझी खळखळ अजून कुठे सापडली?" काका, माझं वर्ष ज्याने वाचवलं तो हा क्षण. तिथे थांबलो असतो तर पुढच्या पावसात मी पुन्हा ओल्या कार्पेटवर उभी असते, आणि बहुतेक गाडी विकली असती.

धार वायपरपाशी आली. पाच मिनिटं काहीच नाही. आठव्या मिनिटाला गाडीत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे ब्लोअरच्या, डब्याच्या खालच्या कडेला एक थेंब जमताना दिसला. टॉर्चच्या उजेडात तो आधी चपटा होता, मग फुगला, लांबला आणि माझ्या कानाजवळच्या कागदावर टप्प् करून पडला. लगेच दुसरा. मी ओरडले, "आलं!" आणि तुम्ही पाणी बंद केलंत.

वायपर काढण्याआधी ते काचेवर कुठे थांबतात तिथे चिकटपट्टीची खूण केलीत. मग खालची जाळीदार पट्टी उचलली. काचेवरून उतरणारं पाणी ज्या पन्हळीत जमतं ती कुजलेल्या पानांच्या काळ्या लगद्याने भरून गेली होती. दोन्ही ओंजळी भरल्या. पन्हळीच्या टोकाला पाणी खाली सोडणारी रबरी चोच असते, ती चिखलाने मिटून गेलेली. बाहेरची हवा गाडीत घेणारं ब्लोअरचं तोंड त्याच पन्हळीत, थोड्या उंच काठाच्या आत असतं. पन्हळ तुंबून पाणी काठापर्यंत चढलं की ते त्या तोंडातून सरळ माझ्या पायाशी. म्हणून थोड्या पावसात काही होत नव्हतं, आणि म्हणून वळणावर ती खळखळ. सगळा लगदा काढल्यावर तुम्ही एक मग माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ओत. पाणी गट् करून गाडीखाली गेलं. त्या आवाजाने मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

काचेचं सिलिकॉन काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. काच मुळात गळतच नव्हती. त्या आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिड सुटतं, रंग उडालेल्या जागी ते पत्र्याला गंज आणतं, आणि त्याच्यावर नंतर रंग किंवा काचेचा खरा गोंद धरत नाही. एका कोपऱ्यात तांबूस ठिपके सुरू झालेच होते. प्लॅस्टिकच्या पट्टीने तुम्ही ते वीतवीत सोलून काढलंत, एकही ओरखडा न पाडता. दुसऱ्याने करून ठेवलेलं निस्तरताना तुम्ही त्याला एक वावगा शब्द बोलला नाहीत. "त्याला बघायला वेळ नसेल," एवढंच.

शेजारच्या मुलाने त्याच्या सनरूफचं विचारलं, तर त्यालाही तुम्ही तितक्याच आस्थेने सांगितलंत. सनरूफ पूर्ण पाणबंद नसतोच. कडेने शिरलेलं पाणी त्याच्या चौकटीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खांबांमधून खाली जातं. नळी तुंबली तर जोराची हवा मारायची नाही, नळी आतल्या आत जोडावरून निसटते. नायलॉनची जाडसर दोरी हळूहळू सरकवायची आणि थोडं पाणी ओतून ते खाली उतरतंय का बघायचं. त्याने तसंच केलं आणि त्याचं काम तिथेच झालं.

काका, मला तुमचे आभार मानायचे आहेत ते दोन गळत्या बंद केल्याबद्दल आहेतच. पण त्याहून जास्त आहेत ते यासाठी की थेंब डोळ्यांनी दिसेपर्यंत तुम्ही एकही ट्यूब उघडली नाहीत. आणि डॅशबोर्डखाली तुम्ही मला पाठवलंत, म्हणून तो थेंब मी स्वतः पाहिला. तुम्ही एकट्याने ते जास्त लवकर केलं असतं, हे मला ठाऊक आहे. आता पावसाळ्याआधी आणि पानगळीनंतर पन्हळ मीच साफ करते, दारांच्या तळाची भोकं बघते. मागच्या महिन्यात डिकीत ओल दिसली, तर आधी सगळं बाहेर काढून वाळवलं, कागद लावले आणि भावाला पाइप धरायला उभं केलं. टेललाइटच्या मागचं गॅस्केट चपटं होऊन गेलं होतं. ते बदललं, पुन्हा पाणी मारून पाहिलं. कोरडं.

पायाशी पत्र्याच्या जोडावर जो वरवरचा गंज होता तो तुम्ही सांगितल्याप्रमाणे तारेच्या ब्रशने घासून प्रायमर मारलाय. त्यावर सीलर लावण्याआधी तुम्ही एकदा बोट फिरवून बघावं अशी इच्छा आहे. रविवारी गाडी घेऊन येते. आई पुढच्या सीटवर बसून येणार आहे, गेल्या आठवड्यात ती तासभर बसली आणि एकदाही खोकली नाही. तुमची टॉर्चही आणते. तिच्या काचेवर ब्यूटाइलचा काळा डाग राहिलाय, खूप पुसला, निघाला नाही.

तुमची,
जुन्या गाडीवाली पुतणी