वाई भेटीबाबत सभासदांना स्मरणपत्र

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

वाईच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या निमंत्रणावरून आपण येत्या शनिवारी व रविवारी तेथे जात आहोत. बस शनिवारी सकाळी ठीक ७ वाजता सातारा बसस्थानकासमोरून सुटेल. मागील सहलीत पाऊण तास खोळंबा झाला होता, म्हणून या वेळी कोणासाठीही थांबले जाणार नाही.

शनिवारी सकाळी कृष्णाकाठच्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन दुपारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा व घाट पाहावयाचा आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा याच घाटावर टांगलेली आहे आणि माझ्या मते केवळ तिच्यासाठीही हा प्रवास करावा. मात्र घाटाच्या पायऱ्या उंच असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी वरूनच नदी पाहावी. मराठी विश्वकोशाचे कार्यालय सुट्टीमुळे बाहेरूनच पाहता येईल. रविवारी सकाळी दोन्ही संघांचा गप्पांचा व गाण्यांचा कार्यक्रम असून भोजनानंतर आपण परत निघू.

मुक्कामाची सोय यजमान सभासदांच्या घरी असल्याने पथ्य, औषधे व जिना चढण्याची अडचण यांची माहिती गुरुवारपर्यंत चिटणीसांकडे लेखी द्यावी. यजमानांनी भोजनखर्च घेण्यास नकार दिला आहे, त्यामुळे प्रत्येकाकडून केवळ बसभाडे घेतले जाईल. संघातर्फे कंदी पेढे नेण्यात येतील. वाईकरांना त्यांचे अप्रूप नाही, तरी रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही.

चिटणीस