ऋणाच्या ओळीपाशी

प्रिय आई आणि बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनवर बोलायला घेतलं की आई "जेवलीस का?" विचारते आणि माझं सगळं बोलणं वरणभातात विरघळून जातं. म्हणून हे पत्र. बाबा, अक्षराबद्दल काही म्हणू नका. इतक्या वर्षांत सहीपलीकडे हातानं काही लिहिलेलंच नाही.

नोकरी मे महिन्यात गेली. तुम्हाला ते कळलंय, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलंय, तेव्हा आता लपवाछपवी पुरे. एका सकाळी आमच्यातल्या नऊ जणांना एकेक करून आत बोलावलं, लॅपटॉप ठेवून घेतले, संपलं. त्यानंतरही मी रोज साडेसातला फोन करून "आत्ताच ऑफिसमधून आले" म्हणत होते. मागे गाड्यांचा आवाज यावा म्हणून गॅलरीत उभी राहून. एवढं डोकं कामावर चालवलं असतं तर कदाचित ठेवलंही असतं मला.

आई, मावशीनं मला सगळं सांगितलं. रविवारी उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर कुणीतरी तुला म्हणालं, "तुमच्या बेबीच्या नोकरीसाठी पुण्यात सगळे प्रार्थना करताहेत हो." आणि तू म्हणे शांतपणे "आमेन" म्हणालीस, जणू तुला कधीचं ठाऊक होतं. घरी येऊन मात्र भाजी करपवलीस. त्यानंतर अकरा दिवस तू फक्त जेवणाची चौकशी करत राहिलीस. बाबांनी पाच हजार पाठवले आणि खाली लिहिलं, 'आंब्यांसाठी'. जुलैत कसले आंबे, बाबा?

मी एकाच माणसाला सांगितलं होतं. नाव लिहीत नाही. नाताळात आपल्याकडे राहिली होती आणि आईच्या करंज्या उभ्याउभ्या संपवल्या होत्या, ती. गुरुवारच्या घरगुती प्रार्थनेत तिनं माझा 'प्रार्थनेचा विषय' ठेवला. नोकरी गेली, घरी सांगितलेलं नाही, लग्नाचं स्थळही परत गेलं, सगळं. तिनं चुगली केली असती तर मला भांडता आलं असतं. तिनं प्रार्थना केली. डोळे मिटून, रडत, माझं नाव घेऊन. प्रार्थनेवर चिडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही.

बाबा, कुटुंबप्रार्थनेत तुम्ही स्तोत्रं क्रमानं वाचायचात आणि माझं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असायचं. त्या आठवड्यात 55 वं स्तोत्र मी पहिल्यांदा नीट वाचलं. शत्रूनं हे केलं असतं तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण देवाच्या घरी बरोबर जायचो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. आम्ही दोघी चार वर्षं तिच्या ॲक्टिवावरून बरोबर जात होतो. पुढे तो त्यांना जिवंतपणी अधोलोकात उतरू दे म्हणतो. खोटं कशाला सांगू, तेही वाचून बरं वाटलं.

मग पाच रविवार चर्चला गेले नाही. सहाव्या रविवारी माझी रूममेट, ती साताऱ्याची, सकाळी आंघोळ करून तयार. म्हणाली, "चल, मला दाखव तरी तुमच्यात काय असतं." तिची संकष्टी असली की साबुदाण्याची खिचडी मी करते, तेव्हा तिला नाही म्हणता येईना. शेवटच्या बाकावर बसलो. तबला-पेटी बघून तिला नवल वाटलं, अभंगाची चाल तर तिनं दुसऱ्या कडव्यापासूनच उचलली. बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "तुम्ही सगळे ती पाठ प्रार्थना म्हणत होतात ना, त्यात ऋण-ऋण असं काहीतरी आलं तेव्हा तू गप्प का झालीस?"

तिला 'आमच्या स्वर्गातील पित्या' मधलं अक्षर माहीत नाही, तरी तिनं बरोबर तीच ओळ धरली. जसं आम्ही इतरांचं ऋण सोडलंय तसं तू आमचं सोड, ही ओळ मी खरंच गिळत होते. आपल्या मराठीत तिथं अपराधही नाही आणि पापही नाही, सरळ ऋण आहे. शिवाय 'सोडू' नाही, 'सोडले आहे'. आधी सोडून मग यायचं, म्हणजे खोटं बोलायलाही जागा नाही.

परतताना तिला 'चहाचं चर्च' बघायचं होतं, म्हणून गुरुवार पेठेत गेलो. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांपुढे चहा ठेवला गेला आणि पुण्यात केवढा गदारोळ झाला, शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, हे तिला शाळेपासून पाठ. तिथला मनोरा मान वर करून बघितला आणि कोपऱ्यावर अमृततुल्यमध्ये दोन स्पेशल घेतले. पैसे तिनंच दिले आणि म्हणाली, "आता प्रायश्चित्त कुणी घ्यायचं, तू का मी?"

ती थट्टाच होती, पण माझा घोट अडकला. बाबा, बँकेत असताना तुम्ही एकदा समजावलं होतं, कर्ज निर्लेखित केलं म्हणजे माफ केलं असं नाही. बुडीत व संशयित कर्जनिधीतून ताळेबंद स्वच्छ करायचा, पण कर्जदाराचं नाव राहतं आणि वसुली चालू राहते. मी त्या प्रार्थना करणाऱ्या मैत्रिणीचं तेच केलंय. हसून बोलते, मेसेजला अंगठा दाखवते, आणि आत वसुली चालू आहे.

आणखी एक आहे, जे लिहायला पान उलटून घ्यावं लागलं. मागच्या वर्षी तिच्या भावाच्या दारूबद्दल तिनं मला एकटीला सांगितलं होतं. उपवासकाळातल्या एका प्रार्थनेत मीच ते मोठ्यानं मांडलं होतं. नाव न घेता, पण एवढ्या तपशिलानं की नाव घ्यायची गरजच उरली नाही. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. तिनं त्याबद्दल मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

त्यामुळे कोण कुणाचं देणं लागतं, ते मला मांडता येत नाहीये. तुमचं मात्र स्वच्छ दिसतंय. दोन महिने रोज साडेसातला एक, एवढी खोटी बोलणी. त्यांचा हिशेब तुम्ही दोघं कराल तसा.

मुलाखती दोन झाल्या, एका ठिकाणी तिसरी फेरी आहे. पगार थोडा कमी मिळेल. प्रार्थना करा, पण कृपा करून घरातल्या घरात.

काल तिला मेसेज केला, "भावाबद्दल बोलायचंय, माझी चूक आहे." दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. येईल किंवा नाही येणार. उद्याच्या रविवारी मी त्या ओळीशी काय करेन तेही सांगता येत नाही, पण जाणार आहे. साताऱ्याची येते म्हणालीय, तिला पेटीवाल्या काकांशी बोलायचंय.

पुढच्या शनिवारी दुपारच्या एसटीनं निघते. वाघोलीत अडकले तर रात्र होईल, जेवायला थांबू नका. थांबालच, म्हणून भाकरी माझ्यासाठी एकच ठेवा.

तुमची,
बेबी