कॅमेरा आणतेस तर आण, पण…

चोपडा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

अतिनील कॅमेरा, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण टिपणारा कॅमेरा, गावात आणून निंदणीच्या बायांना उन्हाने झालेलं कातडीचं नुकसान दाखवायचा तुझा बेत कळला. जरूर कर. फक्त सुरुवात डागांपासून करू नकोस. आरशात न दिसणारे ठिपके पडद्यावर दिसले की एखादी “माय वं!” म्हणून पदर ओढून घेईल आणि बाकीच्या समोर बसायच्याच नाहीत. वांगावरून आधीच पुष्कळ ऐकून घेतलेलं असतं त्यांनी. शिवाय दिसेल तो ठिपका उन्हाचाच, असंही नाही. मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, अतिनील किरण शोषतं म्हणून तिथे काळं येतं. त्यात जन्माचे तीळही आले. आपल्या सावळ्या कातडीत तर मेलॅनिन सगळीकडेच भरपूर, म्हणजे अख्खा चेहराच गडद उमटणार. परदेशी व्हिडिओंतली गंमत इथे तशीच दिसेल, हे धरून चालू नकोस.

आधी क्रीम दाखव. अर्ध्या तोंडाला सनस्क्रीन चोळलं की नुसत्या डोळ्यांना काही फरक कळत नाही, कॅमेऱ्यात मात्र तेवढाच भाग डांबर फासल्यासारखा होतो. मग त्यांच्या हातानेच लावू दे. कानाच्या पाळ्या, नाकाच्या कडा, मानेची मागची बाजू हमखास कोरी राहते. घाम आला, रुमाल फिरवला, की पट्टे पडतात. दर दोन तासांनी पुन्हा लावा हे मग वेगळं सांगावं लागणार नाही. डाग काळा आणि क्रीमही काळं, यात घोळ होईल. दोन्ही किरण शोषतात, एवढं आधीच सांगून टाक. आणि कॅमेरा बहुतेक ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण, म्हणजे यूव्हीए हा अतिनीलचा एक प्रकार, बघतो. क्रीमवर लिहिलेला एसपीएफचा आकडा मुख्यतः कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारापासून किती बचाव होतो त्याचा. तेव्हा जास्त काळं ते जास्त एसपीएफचं, असं कुणाला सांगू नकोस.

खरं सांगू? रोज क्रीम परवडेल कुणाला? साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्या-तोंडाला घट्ट रुमाल, ही आपल्या बायांची रीत क्रीमपेक्षा भक्कम आहे. तिचं कौतुक कर. मात्र कपडा फोटोत पांढरा आला की काळा, यावरून तो किती राखतो ते कळत नाही. विरळ ओढणी आणि जाड शर्ट पाळीपाळीने लेन्सपुढे धर, फरक दिसेल.

ऊन तापण्याशी या किरणांचा फारसा संबंध नाही, सूर्य किती वर आला त्याच्याशी आहे, हेही बोल. जळगाव भागात मेच्या शेवटच्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली जाते. किरण तेव्हा सर्वांत कडक. संध्याकाळी पाचला भिंती तापलेल्या असतात, पण किरण बरेच उतरलेले असतात.

कार्यक्रम समाजमंदिरात ठेवू नकोस, तिथल्या ट्यूबलाइटमध्ये कॅमेऱ्याला काही दिसायचं नाही. बाया शेतातून अकराला परततात, तेव्हा पाराजवळ मोकळ्यावर बस. लॅपटॉपवर सावली धरायला मी छत्री आणते.

तुझी,
आई