सत्काराआधी नावे नीट लिहून घे

ग्वाल्हेर, लष्कर
रविवार, सायंकाळ

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र बुधवारी पोहोचले. पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन दर पंधरा दिवसांनी लोहगडावर जाणाऱ्या आणि टाक्यांतील गाळ उपसणाऱ्या तुमच्या मंडळींचा सत्कार करायचे ठरले आहे आणि त्याची सारी व्यवस्था तुझ्याकडे आली आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत लोहगड आहे, हे इथल्या आपल्या मंडळींनीही अभिमानाने एकमेकांना सांगितले होते. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह एवढ्याने भागेल का, असे तू विचारतोस. माझे उत्तर असे आहे की त्या तिन्हींपैकी एखादे कमी झाले तरी चालेल, पण ज्याचा सत्कार करायचा त्याचे नाव आणि त्याचे काम नीट लिहिलेले असले पाहिजे. हे मी का म्हणते, ते जरा विस्ताराने सांगते.

निवृत्त झाल्यापासून मी रविवारी सकाळी किल्ल्यावर जाते, त्याला आता सहा वर्षे होतील. आम्ही दहाबारा जण आहोत. कोणी वाटेवरचे प्लास्टिक गोळा करतो, कोणी शाळेच्या मुलांना मानमंदिर राजवाड्याच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा आणि त्यांवरची पिवळी बदके दाखवतो, कोणी उरवाई दरवाज्याजवळ उभे राहून जैन मूर्तींच्या पायांशी चढून छायाचित्रे काढू पाहणाऱ्यांना हात जोडून खाली उतरवतो. आमच्यात एक काकू आहेत, त्या माझ्याही आधीपासून येतात. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने आमचा सत्कार ठरवला. चार वाजता बोलावले आणि पाहुणे आले साडेसहाला, पण त्याचे मला फारसे वाटले नाही. घरी जाताना टेम्पोत काकूंनी प्रमाणपत्र उघडून पाहिले, तेव्हा त्यांच्या आडनावातल्या ‘ळ’च्या जागी ‘ल’ छापलेला होता. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हे नवीन नाही. शाळेच्या दाखल्यापासून विजेच्या बिलापर्यंत आपला ‘ळ’ कुठेतरी गळतोच, आणि आपण तो गळू देतो. पण त्या दिवशी काकू काही बोलल्या नाहीत. पुढे एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले दिसले आणि त्यातला ‘ल’ निळ्या बॉलपेनने, फार जपून, वळवून ‘ळ’ केलेला होता. ज्या बाईने इतकी वर्षे उन्हातान्हात काम केले, तिला आपल्या गौरवपत्रात आपणच दुरुस्ती करावी लागली. संस्थेला मी बोल लावत नाही, कारण ती यादी फोनवरून मीच सांगितली होती, आणि छापण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालू द्या, एवढे म्हणायचे मला सुचले नाही.

ही गोष्ट मला अधिक लागली, कारण नाव कसे जपावे याचा नमुना आमच्या किल्ल्यावरच आहे. तू लहान असताना ग्वाल्हेर दरवाज्याकडून पायी चढायला कंटाळायचास. त्याच चढणीवर अखंड खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. प्रतिहार राजा भोज याच्या काळातला, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा लेख तिथे आहे. आमच्यातले एक काका मुलांना तिथे नेतात आणि बॅटरीचा झोत तिरका धरून २७० हा आकडा दाखवतात, त्यातले ते लहानसे वर्तुळ म्हणजे आपल्या देशातल्या शून्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. मुले शून्य पाहून खूश होतात आणि पुढे पळतात. मी मात्र तो आकडा कशाचा आहे, याचा विचार करत थांबते. तो एका फुलबागेचा आहे. देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन बागेला दिली आणि रोज ५० माळा मिळाव्यात, अशी ती व्यवस्था आहे. त्याच लेखात दिव्यासाठी तेल देणाऱ्या तेल्यांच्या प्रमुखांची आणि माळा देणाऱ्या माळ्यांच्या प्रमुखांची नावे एकामागून एक कोरलेली आहेत. राजाचे नाव दगडावर असणे साहजिकच आहे, पण बागेची निगा राखणाऱ्या आणि घाण्यावर बसणाऱ्या माणसांची नावे कोणीतरी आवर्जून विचारून घेतली आणि पाथरवटाच्या हाती दिली, म्हणून ती अकराशेहून अधिक वर्षे टिकली. शून्याचे अप्रूप मलाही आहे, पण सेवेची नोंद कशी ठेवावी, हे शिकायचे असेल तर मी त्या नावांकडे बोट दाखवीन.

म्हणून तुमच्या कार्यक्रमाची सुरुवात एका वहीपासून कर. कोण किती रविवार आला आणि त्याने काय केले, हे महिन्याच्या महिन्याला लिहीत जा. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी १९७० पासून स्वयंसेवकांची रीतसर योजना आहे, आणि तिथे सेवेचे तास मोजून लिहिले जातात. २५० तास भरले की त्या माणसाला केंद्र सरकारच्या उद्यानांत वर्षभर विनाशुल्क प्रवेशाचा पास मिळतो. मला ही कल्पना फार आवडली. ज्या जागेची निगा त्याने राखली, त्याच जागेचे दार त्याच्यासाठी उघडे राहते आणि तो आपल्या मुलाबाळांना घेऊन तिथे पाहुणा म्हणून येऊ शकतो. तुमच्या हाती असा पास नसेल, पण तासांची वही तर तुमच्याच हाती आहे. सत्काराच्या वेळी ‘मोलाचे योगदान’ असे मोघम शब्द सगळ्यांसाठी वापरू नकोस. अमुक जणाने गाळाची पाटी वर देण्यासाठी साखळी लावून दिली, अमुक मुलगी पावसाळ्यातही एकही वारी न चुकवता आली, असे ज्याचे त्याचे वाचून दाखव.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात येणार नाही, म्हणून लिहिते. काही सेवा न केलेल्या कामाची असते. मागे तटाच्या एका सांध्यात पिंपळाचे रोप उगवले होते. नव्या मुलांपैकी एकाने ते ओढून काढायला हात घातला, तेव्हा बॅटरीवाल्या काकांनी त्याला थांबवले. मुळे दगडांच्या फटीत शिरलेली असली की रोपाबरोबर चुना आणि चिरा दोन्ही हलतात. त्यांनी खात्याला लेखी कळवले, मग स्मरणपत्र दिले, मग तिसऱ्यांदा स्वतः जाऊन आले, आणि शेवटी जाणकार माणसांनी येऊन ते रोप रीतीने काढले. या कामाचे छायाचित्र निघत नाही आणि सत्काराच्या यादीत ते कोणी धरत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित असलेल्या वास्तूला उत्साहाच्या भरात कोणीही दुरुस्त करू नये, हे समजून हात आवरणारा माणूस तुमच्यातही असेल. त्याला शोध आणि पहिल्या रांगेत बसव.

तुमच्यातले काही जण म्हणतील की खऱ्या सेवेला कौतुक कशाला हवे. त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. इथे किल्ल्यावरच्या दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात जोडे सांभाळणारे, लंगरची भांडी घासणारे सेवेकरी मी पाहते. त्यांना आपले नाव विचारलेलेही अवघड वाटते. पण मागणे न मागणे हा त्यांचा भाग झाला. आपण त्या स्वच्छ वाटेवरून चालतो, त्या टाक्यातले निवळ पाणी पाहतो, तेव्हा कोणाच्या कष्टामुळे हे आहे, ते जाणून घेणे आणि बोलून दाखवणे हा आपला भाग आहे. ज्याला व्यासपीठावर यायचे नसेल त्याला ओढू नकोस. त्याच्या घरी जा, चहा घे आणि त्याच्या घरच्यांसमोर दोन वाक्ये बोल. रविवारी घरचा माणूस गडावर जातो, तेव्हा घरातले काम दुसऱ्या कोणीतरी उरकलेले असते, त्यांनाही हे ऐकू दे.

कार्यक्रम गडाच्या पायथ्याशी सकाळी ठेव आणि पाहुण्यांसाठी कोणाला ताटकळत ठेवू नकोस. भाषणे दोन पुरेत. उरलेल्या पैशांत शाली घेण्यापेक्षा हातमोजे, चांगली घमेली आणि एक प्रथमोपचाराची पेटी घ्या, म्हणजे दुसऱ्याच रविवारी उपयोगी पडतील.

प्रमाणपत्रे छापायला देण्याआधी यादी मला टपालाने किंवा फोनवर पाठव. नुसत्या नजरेने तपासू नकोस. ज्याचे नाव त्यालाच समोर बसवून त्याच्या हाताने लिहून घे, आईचे नाव लावायचे की वडिलांचे तेही विचार. पुढच्या रविवारी किल्ल्यावरून परतले की मी फोन करीन. तू एकेक नाव वाच, मी वहीत उतरवून घेईन आणि शेवटी तुला सगळी परत वाचून दाखवीन. काकूंचे प्रमाणपत्र त्या संस्थेकडून नवीन करून मागायचे मी ठरवले आहे. अर्ज लिहून झाला आहे, उद्या देऊन येते.

प्रकृतीस जप. गडावर जाताना पाणी पुरेसे ने.

तुझी,
आई