दवाखान्याच्या पैशाला कात्री नको : आमदारांना भेटायला चला

सप्रेम नमस्कार.

रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, इंदूरभरच्या आपल्या मंडळींना ही विनंती.

मंदी आली की पीथमपूरच्या कारखान्यांत आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी कामगार घरी बसतात. काही महिन्यांनी ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) आधारही सुटतो. कालपर्यंत खासगी नर्सिंग होममध्ये जाणारं घर मग एम.वाय. या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रांग लावतं. धार, झाबुआ, बडवानी, खरगोनचे रुग्ण तिथे आधीपासून असतातच. गर्दी वाढते ती नेमकी करवसुली घटून भोपाळला कात्री निघते तेव्हा.

ही कात्री चटकन दिसत नाही. बजेटच्या भाषणात आकडा दणदणीत असतो. पुढे ‘सुधारित अंदाजा’त तो हळूच उतरतो, नाहीतर मंजूर पैसा सुटतच नाही. इमारतीची फीत कापली जाते, नर्स आणि टेक्निशियनची भरती अडते. ‘गोळ्या बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली की आपल्याला कळतं.

आयुष्मान कार्ड आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. बीपी-शुगरच्या दरमहाच्या गोळ्यांना ते चालत नाही. 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला.

राज्यांनी बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्याला द्यावा, तोही 2020 पर्यंत, असं 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलेलं आहे. आमचं मागणं त्याहून साधं : मंदीच्या वर्षात आहे ती रक्कम कमी करू नका, आणि मंजूर केलेली वेळेवर सोडा. जिल्ह्याच्या 9 आमदारांना, पक्ष कुठलाही असो, हिंदीत एकपानी निवेदन द्यायचं आहे. त्यांनी सदनात ध्यानाकर्षण लावावं (महाराष्ट्रातले नातेवाईक ज्याला लक्षवेधी म्हणतात तेच).

सह्या हव्यातच. त्याहून जास्त हवेत बजेटची जाडजूड पुस्तकं वाचता येणारे लोक : ट्रेझरीतून किंवा ग्वाल्हेरच्या ए.जी. ऑफिसातून (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखाकारांच्या कचेरीतून) निवृत्त झालेले काका-मावश्या. बाहेरून आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या असतील तर नाव खोडून झेरॉक्स द्या. आमदारांपुढे भाषणापेक्षा ती जास्त बोलते.

छपाई आणि रिक्षाभाड्यापुरती वर्गणी, 50 रुपयेही चालतील, पावती मिळेल. हार-शालीला पैसे देऊ नयेत, आम्ही ते नेणार नाही. रविवारी सकाळी पोहे आटोपून मंडळाच्या सभागृहात या. येताना मतदार कार्ड आणा, निवेदनात मतदारसंघ लिहायचा आहे.