रिपोर्ट मोबाईलवर आला, समजावणारं कोणी नव्हतं

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आमच्या ह्यांना जिभेच्या कडेचा कॅन्सर निघाला. पंचवीस वर्षं मावा खाल्ला त्याचं हे फळ. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणतात पण आमच्या स्टँडवर अजून सगळं मिळतं, तो विषय वेगळा. ऑपरेशन झालं, मग ३० लाईट झाल्या (रेडिएशनला आमच्याकडे लाईटच म्हणतात), नाकातली नळी निघाली आणि पेज, ताक तोंडाने जायला लागलं. तोंड उघडावं म्हणून आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातात धरायचा व्यायाम दिलेला, ते १२ काड्यांपर्यंत आले होते आणि रोज मला बोटांवर मोजून दाखवायचे.

लाईट संपून सात आठवडे झाले आणि कानाकडे ठणका सुरू झाला म्हणून पेट स्कॅन (कॅन्सर कुठे आहे का ते बघायचा स्कॅन) केला. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आला, डॉक्टरांची ओपीडी गुरुवारी. रिपोर्टमध्ये "एफडीजी अ‍ॅव्हिड", "सस्पिशियस" असं लिहिलेलं, मुलाने नेटवर शोधलं आणि काही न बोलता मोबाईल उलटा ठेवला, तेव्हाच मला कळलं काहीतरी वाईट आहे. मी फोन केला तर काउंटरवाली म्हणाली डॉक्टरच सांगतील, गुरुवारी या. ते पाच दिवस आमच्या घरात नीट कोणी जेवलं नाही, आणि ह्यांनी काड्यांना हात लावला नाही. कशाला करू, एवढंच म्हणाले.

गुरुवारी डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं, अगदी साध्या भाषेत. स्कॅनच्या आधी सुईतून औषध देतात (रिपोर्टमधलं एफडीजी ते हेच) ते साखरेसारखं असतं, कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात म्हणून तिथे चमकतं, पण लाईटने आलेली सूज, इन्फेक्शन, दातांची खराबी, हेही चमकतं. म्हणून लाईटनंतर साधारण १२ आठवडे थांबून स्कॅन करतात, आमचा दुखण्यामुळे लवकर झाला. संशय आहे, नाही असं नाही, पण खात्री तिथला तुकडा काढून तपासल्यावरच (बायोप्सी) होते असं ते म्हणाले. तुकड्यात कॅन्सर आला नाही. तरी पुढचा स्कॅन व्हायचाय आणि भीती आहेच, रात्री हे खोकले तरी मी उठून बसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हीच पाच मिनिटं शनिवारी फोनवर कोणीतरी द्यायला हवी होती. डॉक्टरांवर किती ताण असतो ते मी बाकड्यावर बसून रोज बघितलंय, त्यांनीच बोलावं असं नाही, नर्स, समुपदेशक कोणीही चालेल. रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी तरी छापा, की चमकलं म्हणजे कॅन्सर परत आलाच असं नाही, डॉक्टरांना भेटल्याशिवाय अर्थ लावू नका. आणि ज्यांच्या घरी आज असा रिपोर्ट आलाय त्यांनी पेशंटला एकट्याला वाचू देऊ नका, प्रश्न वहीत लिहून न्या (आम्ही आत गेल्यावर निम्मे विसरलो), आणि दुखणं वाढलं, रक्त आलं किंवा गिळता येईना तर तारखेची वाट न बघता जा.

तुकड्याचा रिपोर्ट आला त्या रात्री ह्यांनी स्वतःहून काड्यांचा डबा मागितला. नऊच बसल्या, आखडलेलं तोंड परत उघडायला वेळ लागतो. काल अकरा झाल्या.

– एक वाचक भगिनी, जि. सोलापूर