मांडवीवर जाण्याआधी

सांगली,
रविवार

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या पोकर टूर्नामेंटला नाव घातलंस म्हणून काल तासभर फोनवर डावपेच सांगत होतास. कुठल्या जागेवरून काय खेळायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला काळजी आहे ती तुझी. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून हे पत्र.

माझी पहिली टूर्नामेंट कशी गेली, ते मी तुला कधी सांगितलं नाही. रात्रभर बसमध्ये जागून सकाळी पणजीत उतरलो, तोंड धुतलं आणि दुपारी धक्क्यावरून बोटीनं मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर गेलो. चार तास छान खेळलो. मग हातात दोन एक्के आले, इस्पिक आणि बदाम. समोरच्यानं सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, मीही बरोबरी केली. त्याच्याकडे दोन बादशहा. शंभरात ऐंशीच्या वर वेळा आपण जिंकतो असा डाव. टेबलावर सगळ्यांचे सामायिक पाच पत्ते पडतात, त्यातले चार पडेपर्यंत मी पुढे होतो. पाचवा आला किलवर बादशहा, म्हणजे त्याचे तीन झाले. डीलरनं माझ्या चिप्सचा ढीग मोजून पलीकडे ढकलला, तो आवाज अजून कानात आहे.

पण मी बाद झालो नव्हतो रे! ब्लाइंड म्हणजे पाळीपाळीनं पत्ते बघायच्या आधीच लावायची सक्तीची रक्कम, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड; तशा 22 भरतील एवढ्या चिप्स माझ्याकडे उरल्या होत्या. तेवढ्यावर माणूस निवांत वाट बघू शकतो. माझे मात्र कान तापले होते. पुढच्याच डावात राणी-सत्तीसारख्या फालतू पत्त्यांवर ऑल-इन गेलो, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं लावलं, आणि संपलो. एक्के हरले ते नशीब, पण उरलेल्या चिप्स मी स्वतः देऊन टाकल्या. वर रिएंट्री, म्हणजे बाद झाल्यावर परत शिरायची सोय, चालू होती म्हणून पुन्हा पैसे भरले, जे घरून निघताना ठरलेलेच नव्हते.

म्हणून आधी आकडा ठरव. बाय-इन म्हणजे प्रवेशाचे पैसे, रिएंट्री, राहणं, जेवण, सगळं धरून. तो वहिनींना मोठ्यानं सांग आणि ते पैसे खर्च झाले असं समज. घराच्या हप्त्यातला एक रुपयाही नको. बहुतेक टूर्नामेंटमध्ये शंभरातल्या बारा-पंधरा जणांनाच काही मिळतं, आणि त्यावरही 30 टक्के कर. तू नेहमी ख्रिस मनीमेकरचं नाव घेतोस. 86 डॉलरच्या सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेत जागा मिळवून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून आला आणि 2003 साली पोकरच्या जागतिक स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकला, खरंय. पण त्या स्पर्धेत 839 जण उतरले होते, बाकीचे 838 पण आठव.

आदल्या दिवशी पोच आणि पोटभर झोप. दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे आठ-एक तासांत एकदा. दिवसभर पत्ते टाकतच, म्हणजे डाव सोडतच बसायचंय, ही तयारी घरातच कर. नुसतं बसून राहणं तुला जमत नाही, हे मी शाळेपासून बघतोय.

आणि मोठा डाव गेला की खुर्चीवरून ऊठ. डेकवर जा, पाणी पी, नदीकडे बघ. त्यात दोन-चार डाव आणि एखादा ब्लाइंड गेला तरी चालेल. माझं त्या दिवशी कितीतरी जास्त गेलं.

जेवणाच्या ब्रेकला फोन कर. चिप्स किती ते नंतर सांग, आधी जेवलास का ते सांग.

तुझा,
बाळू